सीएनसी लेथ शिकायचाय? आधी मायक्रोमीटर हातात घ्या

खर्डा आणि आसपासच्या गावांत दहावी-बारावी झालेल्या मुलापुढे आज दोन-तीनच वाटा ठळक दिसतात. शेती, भरतीची तयारी, नाहीतर कंपनी. कंपनी म्हणजे सुपे, नगरची एमआयडीसी, रांजणगाव, चाकण, भोसरी, फार तर वाळूज. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या कोयता घेऊन साखर कारखान्यांची वाट धरली, त्या घरांतल्या मुलांसाठी तर ही कंपनीची वाट फार मोलाची आहे. तिथे पोहोचलेल्या अनेकांना पहिल्याच आठवड्यात सीएनसी लेथसमोर उभं केलं जातं. दार उघडायचं, झालेला जॉब काढायचा, नवा चकमध्ये लावायचा, दार लावायचं, हिरवं बटण दाबायचं. चार दिवसांत हात बसतो.

अडचण पुढे आहे. तीन वर्षांनीही तो मुलगा तेच बटण दाबत असतो. माप बिघडलं की मशिन जुळवून देणाऱ्या सेटरला हाक मारतो, टूल तुटलं की सेटरला हाक मारतो, नवा जॉब आला की बाजूला उभा राहून बघतो. कंत्राट संपलं की त्याच्या जागी दुसरा येतो, कारण चार दिवसांत शिकता येणारं काम करणारा माणूस बदलायलाही चारच दिवस लागतात. ज्याला टूल सेट करता येतं, ऑफसेट देता येतो, प्रोग्रॅम वाचून त्यातली चूक सापडते, त्याला मात्र कंपनी सहजी सोडत नाही. ऑपरेटर आणि सेटर यांच्या पगारातला फरक त्यातूनच येतो. हा लेख ऑपरेटरपासून सेटर कसं व्हायचं यासाठी आहे, आणि माझं ठाम मत असं की त्या तयारीचा निम्म्याहून जास्त भाग खर्ड्यात बसून, सीएनसीला हातही न लावता करता येतो.

खर्ड्याचं नाव महाराष्ट्राला ११ मार्च १७९५ च्या मराठे-निजाम लढाईमुळे ठाऊक आहे. त्या काळात युरोपात तोफ भरीव ओतून तिची नळी नंतर कोरून काढायचं तंत्र आलेलं होतं. इंग्लंडमध्ये जॉन विल्किन्सननं १७७४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं. तोफ फिरायची आणि कापणारं हत्यार न फिरता सरळ आत सरकायचं, म्हणजे तत्त्व लेथचंच. खर्ड्याच्या लढाईनंतर पाच-एक वर्षांत, १८०० च्या सुमारास, लंडनच्या हेन्री मॉडस्लेनं हत्यार माणसाच्या हातातून काढून स्लाइडवर घट्ट बसवलं आणि ते लीड स्क्रूनं सरकवून अचूक आटे पाडणारा लेथ उभा केला. पुढे १९५२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत छिद्रं पाडलेल्या कागदी पट्टीच्या हुकमावर चालणारं मिलिंग मशिन लोकांना दाखवलं गेलं. आज तुमच्यासमोरच्या फॅनक किंवा सिमेन्सच्या पडद्याचा जन्म तिथला. प्रत्येक टप्प्यावर माणसाच्या हाताचं थोडं काम यंत्राकडे गेलं. किती खोल कापायचं, किती वेगानं फिरवायचं, जॉब कुठे आणि किती दाबून धरायचा, हे ठरवणं मात्र कुठल्याच टप्प्यावर यंत्राकडे गेलं नाही. सीएनसी शिकणं म्हणजे हे ठरवायला शिकणं. कोड पाठ करणं त्यात सगळ्यात सोपं.

घरी बसून काय करता येईल

पहिली गोष्ट माप. मायक्रोमीटर आणि व्हर्निअर कॅलिपर वापरताना हात थरथरणार नाही इतका सराव हवा. व्हर्निअर साधारण ०.०२ मिलिमीटरपर्यंत दाखवतो, साधा मायक्रोमीटर ०.०१ पर्यंत. स्वस्तातला डिजिटल कॅलिपर घ्यायला हरकत नाही, पण डिजिटल आकडे नसलेल्या, रेघा वाचायच्या साध्या मायक्रोमीटरवरच शिका. घरात सापडेल ती गोल वस्तू मोजा: सायकलच्या बेअरिंगची गोळी, बोल्ट, मोटारीचा शाफ्ट. एकच वस्तू दहा वेळा मोजा आणि दहाही आकडे लिहून काढा. ते एकमेकांपासून ०.०२ च्या आत येईपर्यंत सराव चालू ठेवा. मायक्रोमीटरचा रॅचेट सोडून थिंबल आवळून मोजायची सवय लागली, तर पुढे कंपनीत बरोबर जॉब चुकीचा ठरतो आणि चुकीचा जॉब पुढे जातो.

माप म्हटलं की तापमानही आलं, आणि आपल्याकडचा उन्हाळा पाहता हे नीट समजून घ्यायला हवं. स्टीलची लांबी दर अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉननं वाढते. ५० मिलिमीटर व्यासाचा जॉब कापून गरम निघाला आणि तो गार होऊन बसणार त्या तापमानापेक्षा २० अंशांनी जास्त असला, तर गरम असताना तो ०.०१२ मिलिमीटर मोठा मोजला जाईल. बेअरिंग बसायच्या जागेची संपूर्ण सूट पुष्कळदा एवढीच असते. ३० मिलिमीटरच्या शाफ्टवर एच६ फिट मागितला असेल तर वरची मर्यादा ३०.००० आणि खालची २९.९८७. म्हणजे सगळा खेळ १३ मायक्रॉनचा. म्हणून जगभर मापाचं संदर्भ तापमान २० अंश मानतात. शेडमध्ये ते मिळणार नाही, पण जॉब आणि मायक्रोमीटर दोन्ही एकाच तापमानाला आले की मोजायचं, एवढं तरी हातात असतं.

दुसरी गोष्ट ड्रॉइंग. दहावीच्या भूमितीतली दोन सूत्रं इथे रोज लागतात, पायथागोरस आणि टॅन. ड्रॉइंगवर ‘१ गुणिले ४५ अंश चॅम्फर’ लिहिलेलं असेल आणि व्यास ३२ असेल, तर चॅम्फर कुठल्या व्यासापासून सुरू होतो? बरेच जण ३१ म्हणतात. उत्तर ३०, कारण १ मिलिमीटर प्रत्येक बाजूनं जातो. सीएनसी लेथवर एक्स हा अक्ष व्यासात मोजतात, त्रिज्येत नाही. हा एक मुद्दा डोक्यात पक्का बसला तर पुढच्या कित्येक चुका टळतात. झेड अक्ष जॉबच्या लांबीचा. साधारणपणे जॉबच्या पुढच्या तोंडावर झेड शून्य धरतात आणि चककडे जाताना आकडा वजा होत जातो. वहीत ड्रॉइंग काढा आणि त्यावरच्या प्रत्येक कोपऱ्याचे एक्स-झेड लिहा. जुनी ड्रॉइंगं आयटीआयच्या पुस्तकांत भरपूर मिळतात.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित: जवळच्या साध्या लेथवर महिना-दोन महिने काढा. पंपाचे शाफ्ट, ट्रॅक्टरचे बुश, ट्रॉलीच्या पिना करून देणारा लेथवाला तालुक्याच्या ठिकाणी सापडतो. त्याच्याकडे विनामोबदला मदतीला उभं राहावं लागलं तरी राहा. हँडल फिरवताना टूल लोखंडात शिरतं तेव्हा हाताला जो जोर जाणवतो, आवाज कधी बदलतो, चिप कधी निळी पडते, कधी लांब तारेसारखी जॉबला गुंडाळते, हे सगळं सीएनसीच्या बंद काचेमागे कळत नाही. साध्या लेथवर ते अंगात भिनतं. हे शिकलेल्या मुलाला सीएनसीचा आवाज दारामागूनही ओळखता येतो.

वेग, फीड आणि टिप

वेगाचं सूत्र सोपं आहे. मिनिटाचे फेरे बरोबर कापण्याचा वेग गुणिले १००० भागिले पाय गुणिले व्यास. ४० मिलिमीटर व्यासाचा ईएन-८ स्टीलचा बार, कार्बाइड टिप, वेग मिनिटाला १८० मीटर धरला, तर सुमारे १४३२ फेरे. व्यास कापत ३२ वर आला की तोच वेग राखायला १७९० फेरे लागतात. सीएनसीत जी९६ दिलं की मशिन हा हिशेब दर क्षणी स्वतः करतं. यात एक धोका आहे. जॉबचं तोंड कापत, म्हणजे फेसिंग करत, टूल मध्याकडे जाऊ लागलं की व्यास शून्याकडे जातो आणि मशिन फेरे वाढवत जातं. ५ मिलिमीटर व्यासाला १८० मीटर म्हणजे ११,००० हून जास्त फेरे. चकचे जॉ वेगानं फिरताना बाहेरच्या बाजूला ओढले जातात, त्यामुळे फेरे वाढतात तसतशी पकड ढिली होत जाते. म्हणून जी९६ च्या आधी कमाल फेऱ्यांची मर्यादा द्यायचीच. फॅनकवर जी५० एस२००० असं, सिमेन्सवर लिम्स हा शब्द वापरून. दुसऱ्यानं लिहिलेला प्रोग्रॅम हातात आला तर सगळ्यात आधी ही ओळ शोधा. ती नसेल तर सायकल स्टार्ट दाबू नका आणि सेटरला विचारा.

टिपच्या डबीवरचा नंबर वाचायला शिका. सीएनएमजी १२०४०८ ही सगळीकडे दिसणारी टिप. सी म्हणजे ८० अंशांचा चौकट आकार, एन म्हणजे खालचा क्लिअरन्स शून्य, त्यामुळे ती उलटून दोन्ही बाजूंनी वापरता येते. पुढच्या आकड्यांत १२ ही धारेची लांबी, ०४ ही जाडी, आणि ०८ म्हणजे टोकाची गोलाई ०.८ मिलिमीटर. हा शेवटचा आकडा फिनिशिंगसाठी फार महत्त्वाचा. टिपच्या गोल टोकानं जॉबवर नांगराच्या तासांसारख्या बारीक रेघा पडतात. तासं जितकी लांब-लांब, तितके मधले वरंबे उंच. या वरंब्यांची उंची फीडच्या, म्हणजे एका फेऱ्यात टूल जेवढं सरकतं त्या अंतराच्या, वर्गाला टोकाच्या गोलाईच्या आठपटीनं भागून मिळते. फीड ०.२ आणि गोलाई ०.८ असेल तर सुमारे ६ मायक्रॉन, फीड ०.१ केलं तर दीड मायक्रॉनच्या आसपास. फीड निम्मं, तर खडबडीतपणा चौथाई. म्हणून फिनिश खराब आला की आधी फीड बघायचं. बरेच जण आधी फेरे वाढवतात, त्यानं टिप लवकर झिजते आणि फिनिश तसाच राहतो.

चिप लांब तारेसारखी येत असेल तर उपाय पुष्कळदा उलटाच असतो: फीड थोडं वाढवायचं. फीड ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असलं की टिपवरचा चिपब्रेकर चिप तोडत नाही. डबीवर फीड आणि खोलीच्या मर्यादा छापलेल्या असतात, त्या मर्यादेत राहून प्रयोग करा. बोअरिंग करताना थरथर आली तर आधी बोअरिंग बार किती बाहेर काढला आहे ते बघा. स्टीलचा बार त्याच्या व्यासाच्या चौपटीपेक्षा जास्त बाहेर असेल तर प्रोग्रॅम कितीही बदलला तरी थरथर जात नाही.

एक छोटा प्रोग्रॅम, ओळ-ओळ समजून

समजा ४० मिलिमीटरचा ईएन-८ बार आहे, पुढचे ५० मिलिमीटर ३२ व्यासाला उतरवायचे, तोंडाला १ मिलिमीटरचा चॅम्फर, आणि तोंड आधीच फेस केलेलं आहे. पडद्यावर अक्षरं रोमन असतात, इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. फॅनक पद्धतीनं:

जी२८ यू०.० डब्ल्यू०.०
टी०१०१
जी५० एस२०००
जी९६ एस१८० एम०३
जी९९
जी०० एक्स४२.० झेड२.० एम०८
जी७१ यू१.५ आर०.५
जी७१ पी१० क्यू२० यू०.५ डब्ल्यू०.१ एफ०.२५
एन१० जी०० एक्स३०.०
जी०१ झेड०.० एफ०.१२
एक्स३२.० झेड-१.०
झेड-५०.०
एन२० एक्स४२.०
जी७० पी१० क्यू२०
जी०० एक्स१००.० झेड१००.० एम०९
एम०५
एम३०

पहिल्या ओळीनं टूल सुरक्षित जागी, म्हणजे होमला, परत जातं. टी०१०१ मध्ये पहिले दोन आकडे टरेटवरचा टूल नंबर, पुढचे दोन त्याचा ऑफसेट नंबर. जी९९ म्हणजे फीड दर फेऱ्यामागे. जी०० म्हणजे पूर्ण वेगानं, न कापता सरकणं, जी०१ म्हणजे फीडनं कापत सरकणं. जॉबच्या जवळ जाताना नवख्यांकडून होणाऱ्या बहुतेक धडका जी०० मध्ये होतात, हे ध्यानात ठेवा. एन१० ते एन२० या ओळी म्हणजे अंतिम आकार. जी७१ त्या आकाराच्या बाहेरचं लोखंड थरा-थरांनी काढतो आणि जी७० शेवटचा फिनिश कट घेतो.

आता खरी गुंतागुंत. जी७१ च्या दोन ओळी आहेत आणि दोन्हींत यू आहे, पण अर्थ वेगळे. पहिल्या ओळीतला यू१.५ म्हणजे एका बाजूनं कापायची खोली, त्रिज्येत. दुसऱ्या ओळीतला यू०.५ म्हणजे फिनिशसाठी व्यासावर शिल्लक ठेवायचं लोखंड. पहिल्या ओळीत तीन मिलिमीटर व्यासाचा हिशेब करून यू३.० लिहिलं, तर टूल प्रत्येक बाजूनं तीन मिलिमीटर खोल घुसेल, म्हणजे व्यासात सहा. टिप तुटते किंवा जॉब चकमध्ये फिरतो. वहीत या दोन ओळी दहा वेळा, वेगवेगळ्या व्यासांसाठी, स्वतः लिहा.

दशांश चिन्हही कधी विसरू नका. बऱ्याच मशिनवर एक्स४० असं चिन्हाशिवाय लिहिलं तर ते ४० मायक्रॉन म्हणून वाचलं जातं, म्हणजे ०.०४ मिलिमीटर. टूल सरळ जॉबच्या मध्यात जायला निघतं. बिंदू टाकायची सवय बोटांना लावा, वहीतसुद्धा.

हा सगळा सराव घरच्या संगणकावर सिम्युलेटरमध्ये करता येतो. लेथचे मोफत किंवा चाचणी आवृत्तीतले सिम्युलेटर मिळतात, आणि मोबाइलवरही टूलचा मार्ग दाखवणारी साधनं आहेत. पण त्यात टिप तुटत नाही आणि जॉब सुटत नाही. सिम्युलेटरमध्ये प्रोग्रॅम बरोबर चालला म्हणजे तो मशिनवर सुरक्षित आहे असं समजू नका. वेगाची मर्यादा, पकड, टूल किती बाहेर आलंय, हे सिम्युलेटर तपासत नाही.

मशिनसमोर

टूल सेट करणं हे सेटरचं पहिलं काम. टूलनं जॉबचं तोंड किंचित कापायचं, झेड न हलवता एक्सनं मागे यायचं आणि ऑफसेटच्या पानावर झेड शून्य देऊन मेझर करायचं. मग व्यासावर छोटा कट घ्यायचा, आता एक्स न हलवता झेडनं बाहेर यायचं, स्पिंडल थांबवायचा, मायक्रोमीटरनं व्यास मोजायचा आणि तो आकडा एक्समध्ये टाकून मेझर करायचं. हे करताना घाईत नेमका तोच अक्ष हलवला जातो जो हलवायचा नसतो. हँडव्हीलवर कुठला अक्ष निवडला आहे ते फिरवण्याआधी मोठ्यानं म्हणा. पहिल्या महिन्यात हे विचित्र वाटेल, पण वाटू द्या.

नवीन प्रोग्रॅमचा पहिला जॉब चालवताना सिंगल ब्लॉक चालू करा, रॅपिड ओव्हरराइड अगदी कमीत ठेवा आणि एक बोट फीड होल्डवर असू द्या. टूल जॉबजवळ झेड२ वर थांबलं की पडद्यावर टूलची सध्याची जागा दाखवणारं पान बघा, मग काचेतून डोळ्यांनी बघा. पडदा दोन मिलिमीटर म्हणतो आणि डोळ्यांना चार बोटांचं अंतर दिसतं, तर ऑफसेट चुकलेला आहे. तिथेच थांबा.

जॉब निघाला, मोजला, ३२.०६ आला आणि हवा ३२.००. वेअर ऑफसेटच्या पानावर त्या टूलच्या एक्समध्ये वजा ०.०६ द्यायचं. बोअर २४.९६ आला आणि २५.०० हवा, तर अधिक ०.०४. म्हणजे बाहेरचा व्यास असो की आतला, माप मोठं आलं तर वजा, लहान आलं तर अधिक. इथे दोन गोष्टींकडे लक्ष द्या. ०.०६ ऐवजी ०.६ टाकलं तर जॉब गेला. आणि पडद्याखाली ‘इनपुट’ व ‘अधिक-इनपुट’ अशी दोन वेगळी बटणं असतात. पहिलं जुना आकडा पुसून नवा लिहितं, दुसरं जुन्यात मिळवतं. आधीच वजा ०.१ चा ऑफसेट असताना चुकून इनपुट दाबलं, तर तो ०.१ गायब होतो आणि जॉब अचानक मोठा येतो. टाकल्यावर पडद्यावरचा शेवटचा आकडा वाचा, मगच दार लावा.

अंगावरच्या गोष्टींबद्दल थोडं कडक बोलायला हवं. मनगटातला दोरा, राखी, कडं, अंगठी, गळ्यातली साखळी, उपरणं, मोकळे केस, यातलं काही मशिनजवळ चालत नाही. श्रद्धा असेल तर दोरा कामाच्या वेळी खिशात ठेवा. फिरत्या जॉबजवळ हातमोजे घालू नका. चिप हातानं ओढू नका, हुक वापरा. चिपची धार सुरीपेक्षा वाईट कापते. दाराचा इंटरलॉक चकवून दार उघडं ठेवून मशिन चालवणारे मिळतील, ते अनुभवी असले तरी त्यांचं अनुकरण करू नका. सायकल टाइम पाच सेकंदांनी कमी होईल, आणि त्या पाच सेकंदांसाठी बोट गमावणारी माणसं कारखान्यांत भेटतात.

शिकायचं कुठे

दहावीनंतर टर्नर हा आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड सीएनसीसाठी माझ्या दृष्टीनं सगळ्यात चांगला पाया. मशिनिस्टही चालेल. प्रवेश राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या ऑनलाइन प्रक्रियेनं होतो, म्हणून दहावीचा निकाल लागल्याबरोबर अर्जाच्या तारखांवर लक्ष ठेवा. अर्ज भरताना फक्त जवळची आयटीआय टाकू नका. कुठल्या आयटीआयत सीएनसी लेथ प्रत्यक्ष चालू आहे, हे तिथे जाऊन डोळ्यांनी बघा आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. मशिन असणं आणि मुलांना त्यावर हात मिळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्यापुढे छत्रपती संभाजीनगरचं इंडो-जर्मन टूल रूम हे केंद्र सरकारच्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग मंत्रालयाखालचं ठिकाण आहे. तिथे टूल आणि डाय बनवण्याचे आणि सीएनसीचे अभ्यासक्रम चालतात. फी आणि पात्रता दरवेळी त्यांच्याकडून थेट विचारून घ्या. आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप मात्र कुठल्याही परिस्थितीत करा. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली विद्यावेतन मिळतं आणि मुख्य म्हणजे खऱ्या मशिनसमोर वर्ष काढता येतं. अप्रेंटिस असताना सेटरच्या मागे-पुढे राहा. तो टिप बदलताना, सॉफ्ट जॉ बोअर करताना बघा, शिफ्ट संपल्यावर अर्धा तास थांबायची तयारी ठेवा.

खासगी इन्स्टिट्यूटमध्ये पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या. एका मशिनमागे किती मुलं? प्रत्येकाला मशिनवर किती तास? कापायला खरं लोखंड देणार की फक्त पडद्यावर दाखवणार? कंट्रोल कुठला, फॅनक की सिमेन्स? ‘नोकरीची हमी’ या शब्दांवर एकही रुपया भरू नका. आयटीआय झालेल्या मुलाला तीन महिन्यांचा कोर्स उपयोगी पडू शकतो, पण माप आणि ड्रॉइंग येत नसलेल्याला तो कोर्स काही देणार नाही. मुलींसाठीही हेच. सीएनसी लेथवर जॉब जड नसेल तर अंगातल्या ताकदीपेक्षा नजर आणि शिस्त जास्त लागते. घरच्यांनी मुलीचा अर्ज फॅशन किंवा संगणकापुरता मर्यादित ठेवू नये.

परत गावात मशिन टाकायचं असेल तर

पाच-सात वर्षं कंपनीत काढलेल्या काहींच्या मनात येतं की खर्ड्यातच स्वतःचं मशिन टाकावं. हा विचार मला आवडतो, पण क्रम महत्त्वाचा. आधी एखाद्या कंपनीकडून वर्षभराचं जॉब वर्क लेखी मिळवा. त्या जॉबचा सायकल टाइम, टिपचा खर्च, वाहतूक, रिजेक्शन आणि बिल मिळायला लागणारे दिवस वहीत मांडून बघा. मगच कर्ज. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन उद्योगासाठी ५० लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला ग्रामीण भागात सर्वसाधारण गटासाठी २५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग अशा विशेष गटांसाठी ३५ टक्के अनुदानाची तरतूद आहे. अर्ज करण्याआधी नियम चालू आहेत का आणि काही बदललं आहे का, हे जिल्हा उद्योग केंद्रात विचारा.

जुनं मशिन स्वस्त मिळतं म्हणून फसू नका. विकत घेण्याआधी त्यावर स्वतः दहा-वीस जॉब काढा आणि पहिल्या व विसाव्या जॉबचं माप ताडून बघा. स्पिंडल गरम झाल्यावर आवाज बदलतो का ते ऐका. बॉल स्क्रूत किती ढिलाई आहे ते डायल लावून तपासा. कंट्रोलचे सुटे भाग अजून मिळतात का, हे सर्व्हिस देणाऱ्याला विचारा.

कूलंटसाठी बोअरचं जड पाणी थेट वापरलं तर क्षार साचतात आणि गंजही चढतो. शक्य असेल तर गोड पाणी वापरा आणि रिफ्रॅक्टोमीटरनं कूलंटचं प्रमाण आठवड्यातून एकदा तपासा. आणि विजेचं काम मशिन आणण्याआधी करा. थ्री फेज जोडणी, मंजूर भार, सर्व्हो स्टॅबिलायझर आणि फक्त या मशिनसाठी वेगळं अर्थिंग. शेतीच्या मोटारींसोबत एकाच ट्रान्सफॉर्मरवर असाल तर मोटारी एकदम चालू होताना व्होल्टेज किती खाली येतं, हे संध्याकाळी आणि रात्री मीटर लावून आठवडाभर लिहून काढा. तो तक्ता घेऊन महावितरणच्या कार्यालयात जा आणि वाढीव भाराचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या. कापत असताना मध्येच वीज गेली तर टूल जॉबमध्ये रुतलेलं राहतं. अशा वेळी टूल आधी हँडव्हीलनं अगदी सावकाश मोकळं करायचं, मग होम करायचं, आणि त्या टिपवरचा पुढचा जॉब पूर्ण मोजल्याशिवाय मोजलेल्या जॉबच्या पेटीत टाकायचा नाही.